पारंपरिक गोल्फ क्लबमधील पोशाखाचे नियम : खान्देशातील पाहुण्यांसाठी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील माणसाचा पारंपरिक गोल्फ क्लबशी संबंध येतो तो बहुधा पाहुणा म्हणून. डाळ, चटई, पीव्हीसी पाइप, केळी किंवा सोने यांच्या व्यवहारात ओळख झालेला मुंबईचा व्यापारी दुपारच्या जेवणासाठी आपल्या क्लबात बोलावतो, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचे वरिष्ठ रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर भेटायचे ठरवतात, सैन्यात अधिकारी झालेला पुतण्या कुटुंबाला छावणीतल्या गोल्फ मैदानावर घेऊन जातो, किंवा एखाद्या लग्नाचा स्वागतसमारंभच क्लबाच्या हिरवळीवर ठेवलेला असतो. अशा प्रत्येक निमंत्रणाबरोबर कपड्यांविषयीची एक अट असते आणि ती निमंत्रणात क्वचितच लिहिलेली असते, कारण सभासदांच्या ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ती मुद्दाम सांगायला हवी हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. परिणामी पाहुण्याला ती कळते ती दारावरच्या पहारेकऱ्याकडून, चारचौघांसमोर आणि काही करता येण्याची वेळ टळून गेल्यावर. या अवघडलेपणातून सुटण्यासाठी नियम कोणते, ते कशासाठी आहेत आणि त्यांतले कोणते निमूट पाळावेत व कोणत्यांविषयी प्रश्न विचारावा, हे घरातून निघण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे.

पारंपरिक क्लब म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणारा, निवडून आलेल्या कार्यकारी समितीच्या हाती कारभार असणारा आणि स्वतःचे उपविधी, म्हणजे अंतर्गत नियम, स्वतः ठरवणारा क्लब. भारतात ही संस्था इंग्रजी अमलात रुजली. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून ओळखला जातो. मुंबईत तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब निघाला आणि तो हिंदी व युरोपीय अशा दोघांनाही खुला होता, जी गोष्ट त्या काळात अपवादात्मक होती. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवडा भागात जुने गोल्फ मैदान आहे. धुळ्याहून आग्रा महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिलेले मैदान लोकांच्या तोंडी अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे, मग तिथे आता क्रिकेटचे सामने आणि सभा होत असल्या तरी. याखेरीज हॉटेले आणि निवासी प्रकल्प यांना जोडून आलेली नवी मैदाने आहेत. तिथे पैसे भरणारा प्रत्येक जण ग्राहक असल्यामुळे नियम सैल असतात. लष्करी छावण्यांतील मैदानांवर मात्र ते जुन्या क्लबांइतकेच, कधी त्याहून कडक असतात.

पोशाखाचे सगळे नियम एकाच जातीचे नाहीत, हे आधी समजून घेतले की पुढचे सोपे होते. काही नियम खेळाच्या आणि जमिनीच्या गरजेतून आलेले आहेत, तर काही केवळ ‘आपल्यातला कोण’ हे ओळखण्यासाठी घातलेले आहेत. पहिल्या जातीचे उत्तम उदाहरण लंडनजवळच्या विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर आजही दिसते. तिथे गोल्फ खेळणाऱ्याला लाल रंगाचा सदरा किंवा अंगरखा घालावाच लागतो, कारण त्याच माळावर फिरायला येणाऱ्या लोकांना खेळाडू लांबून दिसावा आणि चेंडू लागून इजा होऊ नये. या नियमाला कोणी कधी अपमान समजत नाही, कारण त्याचे कारण कोणालाही सांगता येते. दुसऱ्या जातीच्या नियमांचे कारण मात्र सहसा सांगितले जात नाही. ‘इथे असेच चालते’ एवढेच उत्तर मिळते.

जमिनीच्या गरजेतून आलेल्या नियमांत सर्वांत महत्त्वाचा नियम पादत्राणांचा आहे, आणि खान्देशातील शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला तो इतर कोणाहूनही लवकर पटेल. गोल्फच्या मैदानाचे ढोबळ तीन भाग असतात : जिथून पहिला टोला मारतात ती ‘टी’, मधला लांब गवताळ पट्टा म्हणजे ‘फेअरवे’, आणि ज्या गुळगुळीत हिरवळीवर भोक असते ती ‘ग्रीन’. ग्रीनवरचे गवत अवघे काही मिलिमीटर उंचीचे राखलेले असते. ते जवळजवळ रोज कापावे लागते, त्याला मोजून पाणी द्यावे लागते आणि त्याखाली वाळूचा थर टाकून निचरा साधलेला असतो. अशा पृष्ठभागावर उंच टाचेची चप्पल रुतली किंवा टोकदार तळव्याचा बूट घासला, तर पडलेला खळगा चेंडूची वाट बदलतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला त्याचा फटका बसतो. पूर्वी गोल्फच्या बुटांना लोखंडी खिळे असत. १९९० च्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकचे मऊ खिळे, ज्यांना ‘सॉफ्ट स्पाइक’ म्हणतात, प्रचारात आले आणि ग्रीनचे नुकसान कमी होते म्हणून बहुतेक क्लबांनी लोखंडी खिळ्यांवर बंदी घातली. तेव्हा ज्याला खेळायचे नसून केवळ यजमानाबरोबर चालायचे आहे, त्याने सपाट रबरी तळव्याचे, पूर्ण पाऊल झाकणारे बूट घालावेत. स्त्रियांनी टाचेचे सँडल क्लबाच्या इमारतीपुरते ठेवावेत आणि गवतावर जाताना सपाट बूट घालावेत. ग्रीनवर पाय ओढत चालू नये, हा नियम कुठे लिहिलेला नसला तरी त्याचा भंग सर्वांच्या लगेच लक्षात येतो.

कॉलरचा नियम हा दोन्ही जातींच्या मधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत गोल्फ कोट आणि टाय घालूनच खेळत, आणि पायांत गुडघ्याखाली चार इंच लोंबणारी ढगळ विजार असे, जिला त्या मोजमापावरूनच ‘प्लस फोर’ म्हणत. हा पोशाख हलका झाला तो टेनिसमुळे : फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्त याने १९२६ मध्ये आखूड बाह्यांचा, विणलेल्या सुती कापडाचा आणि मऊ कॉलरचा सदरा घालून खेळायला सुरुवात केली आणि १९३३ मध्ये तो विकायलाही आणला. ताठ कॉलर गेली, पण कॉलर राहिली, कारण ती उभी केली की मानेचे उन्हापासून रक्षण होई. आज ज्याला आपण कॉलरचा टी-शर्ट म्हणतो तो हाच. म्हणजे एके काळी जी सवलत होती ती आता किमान अट झाली आहे. गोल गळ्याचा टी-शर्ट बहुतेक जुन्या क्लबांत चालत नाही, आणि कॉलरचा असला तरी तो विजारीत खोचलेला असावा लागतो. ज्यांना खोचून घालण्याची सवय नाही त्यांनी कमरेला नीट बसणारी विजार आणि पट्टा आधीच घालून पाहावा, कारण टोला मारताना खांदे फिरले की सैल खोचलेला सदरा हमखास बाहेर येतो.

जीन्सवरील बंदी ही मात्र निखळ दुसऱ्या जातीची आहे. जीन्सचे कापड खाणकामगार आणि गुराख्यांच्या अंगावरून आले आणि क्लबांनी ते कामकऱ्याचे वस्त्र म्हणून बाहेर ठेवले. ते आज हजारो रुपयांना विकले जात असले, तरी नियम टिकून आहे, आणि नव्या, महाग, न फाटलेल्या जीन्सलाही अपवाद केला जात नाही. त्याच यादीत ट्रॅक पँट, बाजूला मोठे खिसे असलेली कार्गो विजार, क्रिकेटच्या संघाची जर्सी आणि मोठ्या अक्षरांतली जाहिरात छापलेला टी-शर्ट येतात. गुडघ्यापर्यंतची बेतीव अर्धी विजार, जिला बर्म्युडा म्हणतात, बहुतेक ठिकाणी मैदानावर चालते, पण कित्येक क्लबांत तिच्याबरोबर मोजे किती उंच असावेत हेही ठरलेले असते. व्यावसायिक खेळाडूंवरची बंधने याहून हळू सैल झाली. अमेरिकेच्या पीजीए टूरने पुरुष खेळाडूंना अर्धी विजार घालण्याची मुभा २०१९ मध्ये दिली आणि तीही सरावापुरती व हौशी खेळाडूंबरोबरच्या फेऱ्यांपुरती, प्रत्यक्ष स्पर्धेत नाही.

जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्या पाहुण्याने याच्या जोडीला प्रवासाचाही विचार करावा. रात्रीच्या रेल्वेने किंवा लक्झरी बसने सकाळी मुंबई-पुण्यास पोचून थेट क्लब गाठण्याचा बेत सोयीचा वाटतो, पण रात्रभर अंगावर असलेले कपडे चुरगळतात आणि क्लबाच्या वाहनतळावर गाडीच्या आडोशाने कपडे किंवा बूट बदलणे हे शिष्टाचाराला सोडून समजले जाते. बदलण्यासाठी क्लबात वेगळी खोली असते, तिला लॉकर रूम म्हणतात, आणि तिथे पाहुण्याला यजमानाबरोबरच जाता येते. म्हणून कपड्यांची वेगळी पिशवी घ्यावी आणि यजमानाला ‘बदलायला जागा मिळेल का’ असे आधी विचारावे. हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट पाहुण्याला रीत ठाऊक असल्याचे त्यातून कळते. खरेदीसाठी ब्रँडच्या दुकानात जाण्याची गरज नाही. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मिळणारा एकरंगी, कॉलरचा, आखूड बाह्यांचा टी-शर्ट आणि साधी सुती किंवा टेरिकॉटची फुलपँट एवढ्याने बहुतेक क्लबांची अट पुरी होते. रंगांवर बंधन नसते, पण पांढरी विजार गवताने डागळते हे लक्षात ठेवावे. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपासचे ऊन सोसणाऱ्या भुसावळ-जळगावच्या माणसाला मुंबईचे ऊन सौम्य वाटेल, पण तिथला दमटपणा त्याच्या सवयीचा नसतो. जाड होजिअरीचा टी-शर्ट तासाभरात घामाने अंगाला चिकटतो. अठरा भोकांची पूर्ण फेरी चार तासांहून अधिक चालते, म्हणून घाम लवकर सुकणारे पातळ कापड आणि छज्जा असलेली टोपी सोबत असावी.

टोपीच्या नियमात दोन संस्कृतींचे शिष्टाचार समोरासमोर येतात. युरोपीय रीतीत छताखाली आल्यावर डोके उघडे करणे हा आदर आहे. म्हणून क्लबाच्या इमारतीत, विशेषतः जेवणघरात, टोपी काढावी लागते आणि खेळ संपल्यावर शेवटच्या ग्रीनवर हस्तांदोलन करतानाही ती काढतात. खान्देशातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या दृष्टीने चारचौघांत बोडक्या डोक्याने बसणे हाच अनादर आहे. टोपी, पागोटे किंवा फेटा हा त्याच्या पोशाखाचा भाग असतो, उन्हासाठी घातलेली वस्तू नव्हे. क्लबांतील नियम छज्ज्याच्या खेळाच्या टोप्या आणि हॅट यांना उद्देशून केलेले असतात, आणि फेट्याला किंवा गांधी टोपीला ते लावणे हा नियमाचा चुकीचा अर्थ आहे असे यजमानाने ठामपणे मानावे. वडिलांना टोपी काढायला सांगून प्रसंग निभावून नेण्यापेक्षा, ते टोपी घालूनच येतील असे क्लबाच्या कार्यालयाला आदल्या दिवशी कळवणे अधिक उचित.

स्त्रियांच्या पोशाखावर पुरुषांहून वेगळी नजर नेहमीच राहिली. १९३३ मध्ये इंग्लंडमधील वेस्टवर्ड हो येथील स्त्रियांच्या अजिंक्यपद स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रियो ही विजार घालून उतरली तेव्हा आयोजकांनी तिचा जाहीर निषेध केला. आज त्याच खेळात विजार ही स्त्रियांसाठी सर्वांत निर्धोक निवड आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या स्त्रियांच्या व्यावसायिक संघटनेने, म्हणजे एलपीजीएने, खोल गळा आणि फार आखूड स्कर्ट यांवर दंडासह बंधने आणली, तेव्हा त्यावरही जगभर वाद झाला. भारतीय क्लबांत खेळणाऱ्या स्त्रीला कॉलरचा टी-शर्ट, फुल किंवा पाऊण विजार, अथवा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट चालतो. बिनबाह्यांचा टी-शर्ट कॉलर असल्यास सहसा चालतो, जो पुरुषांना मुळीच चालत नाही. केवळ भेटीस आलेल्या स्त्रीला साडी आणि सलवार-कमीज यांची मुभा जवळजवळ सर्वत्र आहे. मुलांनाही मोठ्यांचेच नियम लागू होतात, हे मात्र पालक हमखास विसरतात आणि कार्टूनचा टी-शर्ट घातलेला दहा वर्षांचा मुलगा जेवणघराच्या दाराशी थांबवला जातो.

खरा प्रश्न उभा राहतो तो भारतीय पोशाखाबाबत, विशेषतः पुरुषांच्या. कुडता-पायजमा, धोतर, बंदगळ्याचा कोट यांना क्लबांनी स्वातंत्र्यानंतर हळूहळू ‘राष्ट्रीय पोशाख’ म्हणून जागा दिली, पण ती अर्धवट दिली. अनेक ठिकाणी कुडत्यावर जाकीट हवे असते. पायांतील उघड्या चपला चालतात पण त्या राष्ट्रीय पोशाखाबरोबरच, विजार-सदऱ्याबरोबर नाहीत. आणि चपलेला मागे पट्टा असावा अशीही अट असते. अनवाणी वावरणारे चित्रकार एम. एफ. हुसेन यांना १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने पायांत काही नाही म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या नियमाची चर्चा देशभर झाली. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत तामिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात पुस्तक प्रकाशनासाठी गेलेले मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसल्यामुळे दारातून परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने कायदा करून केवळ वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून कोणालाही सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास मनाई केली, आणि त्या कायद्याच्या कक्षेत क्लबही आणले. हा कायदा तामिळनाडूपुरता आहे. महाराष्ट्रातील पाहुण्याला त्याचा आधार घेता येत नाही आणि क्लबाच्या उपविधींवरच अवलंबून राहावे लागते.

जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये घडलेला प्रकार याहून गंभीर होता. सभासदाच्या निमंत्रणावरून जेवायला आलेल्या एका खासी स्त्रीला तिच्या जैनसेम या पारंपरिक वस्त्रामुळे घरकामाची बाई समजून टेबलावरून उठण्यास सांगण्यात आले. तिने घातलेले वस्त्र मेघालयात सणासमारंभाला नेसतात, पण दिल्लीतल्या कर्मचाऱ्याला ते ओळखता आले नाही. या घटनेचा अर्थ खान्देशाला थेट लागू होतो. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांतील सातपुड्याच्या गावांमधून आज पावरा आणि भिल्ल समाजातील मुली शिकून शहरांत नोकरीस जात आहेत. त्यांची आई किंवा आजी आपल्या नेहमीच्या वेषात, अंगावर चांदीचे दागिने घालून अशा क्लबात जेवायला आली, तर तिला कोणत्या यादीत बसवायचे हे दारावरच्या माणसाला कळणार नाही. कित्येक क्लबांत मुलांना सांभाळणाऱ्या बायांसाठी आणि चालकांसाठी बसण्याची वेगळी जागा असते व त्यांना जेवणघरात मज्जाव असतो. हा नियमच मुळात आक्षेपार्ह आहे, कारण तो माणसाच्या कामावरून त्याचे बसण्याचे स्थान ठरवतो. पण तो असेपर्यंत, पाहुण्याला त्या नियमाच्या कात्रीत सापडू न देण्याची जबाबदारी यजमानाची आहे. पाहुणी कोण आहे, ती कोणत्या पोशाखात येणार आहे आणि ती सभासदाची निमंत्रित आहे, हे क्लबाच्या सचिवाच्या कार्यालयाला लेखी कळवून ठेवावे आणि दारावर स्वतः उभे राहून तिला आत न्यावे. पाहुणीला साडी नेसून येण्याचा सल्ला देणे हा सोपा मार्ग आहे आणि तो टाळावा.

इतक्या तयारीनंतरही अडवणूक झाली तर काय करावे, याचा एक क्रम ठरवून ठेवलेला बरा. पहारेकऱ्याशी वाद घालू नये. नियम त्याने केलेला नाही आणि तो मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो. क्लबात पाहुण्याच्या वागणुकीस आणि पोशाखास सभासद उत्तरदायी असतो, म्हणून बोलणे यजमानाने करावे आणि पाहुण्याने बाजूला थांबावे. अडचण केवळ कॉलरची किंवा बुटांची असेल, तर बहुतेक गोल्फ क्लबांत ‘प्रो शॉप’ नावाचे साहित्याचे दुकान असते आणि तिथे टी-शर्ट मिळतो; जेवणघरात प्रवेश मिळत नसला तरी बाहेरच्या व्हरांड्यात किंवा हिरवळीवर नियम सौम्य असतात, तिथे बसण्याचा पर्यायही विचारावा. अडचण पारंपरिक पोशाखाची असेल, तर यजमानाने त्या बंदीचा लेखी नियम दाखवण्यास सांगावे, कारण कित्येकदा उपविधींत राष्ट्रीय पोशाखाला स्पष्ट परवानगी असते आणि दारावरचा माणूस केवळ जुन्या सवयीने नाही म्हणतो. नियम खरोखरच तसा असेल, तर त्या दिवशी दुसरीकडे जेवावे आणि यजमानाने नंतर कार्यकारी समितीला पत्र लिहावे. उपविधी बदलण्याचा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येतो. तो मांडण्याचा अधिकार सभासदालाच असतो, पाहुण्याला नसतो.

जळगाव किंवा धुळ्यातील जिमखान्याचे अथवा क्लबाचे सभासद असलेल्यांनी आपल्या संस्थेचा बाहेरगावच्या क्लबांशी संलग्नतेचा करार आहे का, हे कार्यालयात विचारून पाहावे. असा करार असल्यास ओळखपत्र आणि परिचयपत्र दाखवून संलग्न सभासद म्हणून प्रवेश मिळतो आणि बरोबरच्या कुटुंबीयांच्या पोशाखाची जबाबदारी स्वतःकडे येते. त्या क्लबाची नियमपुस्तिका आधी मागवून घ्यावी आणि तिच्यात चार गोष्टी पाहाव्यात : मैदान, व्हरांडा, जेवणघर आणि बार यांचे नियम वेगवेगळे आहेत का, सायंकाळी सातनंतर ते बदलतात का, राष्ट्रीय पोशाखाची व्याख्या कोणत्या शब्दांत केली आहे, आणि सोबतच्या मदतनिसांना कुठपर्यंत येता येते. पुस्तिका जुनी असू शकते, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी दूरध्वनी करून त्याच चार गोष्टी पुन्हा विचाराव्यात आणि उत्तर देणाऱ्याचे नाव व हुद्दा टिपून ठेवावा.